बाहेर काय येतंय ते बघा

मंडळी, "ग्रीसिंग करून आणलं" असं कुणी सांगितलं की मी एकच विचारतो, जुनं ग्रीस बाहेर पडलं का? ग्रीस गन दोनदा दाबली, पैसे दिले, गाडी निघाली, याला मी ग्रीसिंग म्हणत नाही. आतलं मळलेलं ग्रीस ढकलून बाहेर काढायचं आणि तिथं नवं बसवायचं, हे खरं काम.

माझे आजोबा बैलगाडीच्या चाकाला वंगण घालायचे, ते एरंडेलाचं. आज ट्रकला घालतो त्या लिथियम ग्रीसमधला साबणसुद्धा बहुतेक एरंडेलापासूनच बनतो. हा साबण स्पंजासारखा ऑइल धरून ठेवतो आणि घासण होते तिथं थोडं थोडं सोडतो. डब्यावरचा 2 हा आकडा घट्टपणाचा आहे, दर्जाचा नव्हे. 3 नंबर म्हणजे अधिक चांगलं, असं समजून पैसे घालवू नका.

आता प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस घ्या, त्याच्या सांध्यातला चार टोकांचा तुकडा. हा माझ्या हातातला बघा. चार टोकांना चार कप, प्रत्येक कपात सुईसारखे बारीक रोलर. निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, एकच, त्यातून आतल्या आत चारही टोकांकडे वाटा गेल्यात. हे रोलर गरगर फिरत नाहीत, जागच्या जागी थोडे मागंपुढं होतात. म्हणून ग्रीस आपोआप पसरत नाही. एक कप कोरडा पडला की इंजिनाचा सगळा जोर त्याच त्या रेघांवर बसतो. इथं नख फिरवा, चर लागतात ना?

हा क्रॉस आमच्याच गाडीचा. घाटाच्या चढावर तुटला, आणि दोनच दिवसांपूर्वी ग्रीसिंग झालेलं होतं. उतरवला तेव्हा तीन कपांत ताजं ग्रीस, चौथ्यात तांबडी भुकटी. तो कप दोन दिवसांत सुकला नव्हता. कित्येक महिने ग्रीस तीनच वाटांनी जात होतं आणि खाली वाकून कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही. त्या दिवशी मागं उतारावर गाड्यांची रांग लागली होती, ती मला अजून दिसते.

तेव्हा आधी निप्पल फडक्यानं पुसा, नाहीतर धूळ ग्रीसबरोबर आत जाते. मग चारही सीलमधून, म्हणजे कपांच्या तोंडाशी असलेल्या कड्यांमधून, नवं ग्रीस दिसेपर्यंत दाबा. एखाद्यातून येत नसेल तर शाफ्ट हलवून बघा, तरी नाही आलं तर त्या कपाचे बोल्ट किंचित सैल करून पुन्हा दाबा, आणि आलं की लगेच कसून घ्या. बाहेर पडलेलं बोटावर घेऊन बघा. तांबूस असेल तर आत पाणी शिरलंय. गाडी धुतल्यावर ग्रीसिंग करतात ते यासाठीच.

किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला, ग्रीस भरताना मात्र पुढचा एक्सल जॅकवर घ्या. चाक जमिनीवर असताना सगळा भार खालच्या बेअरिंगवर असतो, तिथं ग्रीसला शिरायला फटच मिळत नाही. चाकाच्या हबचं, म्हणजे बेअरिंग बसतं त्या मधल्या भागाचं, उलटं. तिथं ठासून भरलं तर बेअरिंग तापतं, सील सुटतं आणि ग्रीस ब्रेकच्या लायनरवर येतं. बेअरिंग तळहातावर धरून रोलरच्या मधे दाबून भरा, हब गच्च भरू नका.

बाहेर गाडी जॅकवर घेऊन ठेवली आहे. पहिली गन कोण धरतंय?