गाठ आणि नक्कल

(दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागावर उभा धागा तुटतो. कामगार माग बंद करतो.)

दोन्ही टोकं चिमटीत. विसविशीत तंतू तोडले, गाठ मारली, माग सुरू. तोडलेला बोटभर धागा गेला तो गेलाच.

पेशीत डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, की बहुतेकदा हेच होतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शक. निळ्या केंद्रकात हिरवे ठिपके.)

एकेक ठिपका म्हणजे साधारण एकेक तूट. तूट झाली की एटीएम हे प्रथिन आजूबाजूच्या एच२एएक्स हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर, फॉस्फेट बसवतं. त्या खुणेला चिकटणारं हिरवं प्रतिपिंड वरून सोडलेलं आहे. खूण डीएनएच्या लाखो अक्षरांवर पसरते, म्हणून तर एवढीशी तूट डोळ्यांना दिसते. १ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) क्ष-किरणांनी एका पेशीत अशा सुमारे ३५ तुटी होतात. अर्ध्या तासाच्या सुमारास ठिपके ठळक, २४ तासांनी बहुतेक विझलेले.

(दृश्य: ॲनिमेशन.)

कू७० आणि कू८० ही प्रथिनं मिळून झालेलं कडं टोकावर सरकतं. डीएनए-पीकेसीएस टोकं समोरासमोर धरतं. किरणांनी तुटलेलं टोक क्वचितच स्वच्छ असतं. आर्टेमिस ते छाटतं आणि लायगेज ४ सांधतं. दोन-चार अक्षरं गळतात. ती कुठली होती, हे इथे कुणी तपासत नाही.

(दृश्य: जकार्ड, नक्षी विणणारं यंत्र. भोकांचे पुठ्ठे जवळून.)

नक्षीचा पुठ्ठाच फाटला तर मात्र गाठ कामाची नाही. तसाच दुसरा पुठ्ठा समोर ठेवून भोकं पाडायची. पेशीकडे असा दुसरा संच डीएनएची नक्कल झाल्यापासून विभाजन होईपर्यंतच असतो. तेव्हा एमआरएन हे प्रथिनांचं त्रिकूट टोकाचा एकच धागा कुरतडायला घेतं, दुसऱ्याची एकेरी शेपटी सुटते. आरपीए हे प्रथिन तिचा गुंता होऊ देत नाही. मग बीआरसीए२ हे प्रथिन आरपीएच्या जागी रॅड५१ हे दुसरं प्रथिन ओवतं. शेपटी जुळ्या प्रतीत शिरून जुळणारा मजकूर शोधते आणि त्यावरून हरवलेली अक्षरं भरली जातात. याला तास लागतात.

नक्कल नसताना कुरतड सुरू झाली तर पंचाईत: गाठीला धड टोक उरत नाही. म्हणून नक्कल होईतोवर ५३बीपी१ हे प्रथिन ती कुरतड अडवून धरतं.

बीआरसीए२ च्या जनुकात जन्मजात बिघाड असेल तर ही नकलेवरची दुरुस्ती नीट जमत नाही आणि स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ओलापॅरिब हे औषध कर्करोगाच्या अशा गाठींच्या याच दुबळेपणावर चालतं.

(निवेदन नाही. चादरीची उलटी बाजू, गाठीवरून फिरणारं बोट. मागाचा आवाज.)