आयर्विनला किती?

(पहाटेचा अंधार. सांगली स्टेशन. महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून माणसं उतरतायत. फलाटावर चहाची किटली.)

जून २०१८. आम्ही उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. नवरा, मी आणि चार वर्षांची मुलगी. सामानाचा टेम्पो आदल्या दिवशीच पोचला होता. रिक्षावाल्यानं पत्ता ऐकला आणि विचारलं, "कुणाकडं आलाय?"

राहायलाच आलोय, म्हटलं.

त्यानं आरशातून आमच्याकडं नीट बघून घेतलं. "मुंबईवरनं? हिकडं?"

खरं तर आम्ही डोंबिवलीचे. पण कल्याणच्या पुढं गाडी गेली की सगळीच मुंबई होते, हे तेव्हापासून मान्य केलं.

(कुपवाड एमआयडीसी. पाळी सुटलेली. मोटारसायकलींची रांग.)

कारण अगदी साधं होतं. नवऱ्याला कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी मिळाली. पगार डोंबिवलीपेक्षा कमी, पण भाडंही निम्मं. मी व्हिडिओ एडिटिंग करते, सबटायटल लिहिते. लॅपटॉप आणि वीज असली की माझं ऑफिस कुठंही लागतं. डोंबिवलीत तो सकाळी सात बावन्नची लोकल पकडायचा आणि रात्री नऊला घरी यायचा. मुलगी त्याला रविवारी भेटायची. इथं पहिल्याच सोमवारी तो सहा वाजता दारात उभा. मी घाबरून विचारलं, "काय झालं?" काहीच झालं नव्हतं. कामावरून घरी यायला वीस मिनिटं लागली होती, एवढंच.

त्या हातात आलेल्या तीन तासांचं काय करायचं, हे आम्हाला पहिले दोन-तीन महिने कळलंच नाही. हसू नका. आम्ही अक्षरशः समोरासमोर बसून टीव्ही बघायचो.

(गावभाग. जुनी घरं. भाजीवाल्या मावशींची पाटी.)

घर गावभागात मिळालं. मिळालं म्हणजे चौथ्या प्रयत्नात. आधीच्या तीन ठिकाणी भाड्यावर गाडी आलीच नाही. "मूळ गाव कुठलं?" "आडनाव काय म्हणालात?" "म्हणजे कुणापैकी?" हा 'कुणापैकी' मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गोड वाटला होता. तिसऱ्यांदा ऐकला तेव्हा तो नेमकं काय विचारतोय, ते समजलं. मुंबईतही हे विचारतातच, फक्त मधे दलाल असतो. इथं घरमालक स्वतः, चहा पाजता पाजता विचारतो.

चौथ्या घरच्या काकूंनी मात्र काहीच विचारलं नाही. जिन्याच्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या उंचीला, एक पुसट रेघ दाखवली. "हे २००५चं पाणी. पहिल्या मजल्याला काही होत नाही."

मी मान डोलावली. पाणी म्हणजे गळतीबिळती असेल, असं मला वाटलं.

(आयर्विन पूल. दगडी कमानी. पात्रात पाणी कमी.)

हा आयर्विन पूल. सांगली संस्थानच्या काळातला, १९२९चा. तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला दिलं. इंग्रज गेले, संस्थान विलीन झालं, नाव राहिलं. इथल्या माणसाला विचारलंत तर आयर्विन म्हणजे कोणी साहेब नव्हे. आयर्विन म्हणजे कृष्णेचं पाणी मोजायची जागा. पुलाजवळ ४० फूट झाले की इशारा. ४५ झाले की धोका. पावसाळ्यात हा आकडा सांगलीत सगळ्यांच्या तोंडी असतो. सकाळी दूधवाला सांगतो, दहा वाजता दुकानदार सांगतो, दुपारी व्हॉट्सॲपवर येतो, आणि संध्याकाळी माणसं छत्र्या घेऊन स्वतः बघून येतात, कारण व्हॉट्सॲपवर कोण विश्वास ठेवतो.

"आयर्विनला किती?"

"छत्तीस."

"कोयनेतनं सोडलंय का?"

कोयना धरणात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावतं, हे मला डोंबिवलीत कोणी सांगितलं असतं तर मी टीएमसी म्हणजे काय, ते विचारलं असतं. इथं सातवीतली पोरं टीएमसीत बोलतात.

पण ते पुढचं. पहिलं वर्ष आम्हाला पाण्याचं नाही, भाषेचं गेलं.

भाजीवाल्या मावशी पहिल्याच आठवड्यात पाटी उचलता उचलता म्हणाल्या, "चला, मी येतो आता." मला वाटलं, माझ्या कानाची गडबड. मग कामाला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "मी उद्या येत नाही, माहेरला जातो." सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी सांगितलो. अभिमानही नाही, बंडखोरीही नाही, बोलणंच तसं. मी भाषेचं काम करणारी बाई, व्याकरणाची सवय हाडात. त्यामुळं पहिले काही दिवस मनातल्या मनात दुरुस्त करत बसायचे. माझ्या मुलीनं दुरुस्त केलं नाही. दिवाळीपर्यंत तिनं ते उचललं. "आई, मी खेळायला जातो."

तिच्या डोंबिवलीच्या आजीनं फोनवर ऐकलं आणि मला वेगळं बोलावून घेतलं. "अगं, ती मुलांमध्येच जास्त खेळते का?"

(मार्केट यार्ड. हळदीची पोती. पिवळे हात, पिवळे शर्ट.)

शहर छोटं आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय छोटं असतं? सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका. १९९८ साली झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. म्हणजे खेडं नाही. पण मॉल बघायला आलेल्या पाहुण्याला मी मार्केट यार्डात नेते. जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद येऊ लागते. सौद्याच्या वेळी अडते, व्यापारी, शेतकरी घोळक्यानं एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकतात. कोणी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, कोणी नुसतं वाजवून बघतो. हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. पहिल्यांदा शूटिंग करून घरी आले तेव्हा कॅमेऱ्याची पिशवी झटकली तर फरशीवर पिवळा पट्टा उमटला. तो तीन दिवस पुसत होते.

पूर्वी ही हळद हरिपूरच्या पेवांत ठेवायचे. हरिपूर इथून हाकेच्या अंतरावर, जिथं वारणा कृष्णेला मिळते. तिथल्या मातीची खासियत अशी की जमिनीत खोल पेव खणून त्यात हळद भरून ठेवली, तर ती वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. काकूंच्या जिन्यातली रेघ आणि ही पेवं, दोन्ही एकाच पाण्याची.

(उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या. मोठ्या आवाजात गाणं.)

हिवाळ्यात गळीत हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, आणि पुढं एवढ्या मोठ्यानं गाणं की मागून हॉर्न वाजवून उपयोग नाही. स्कूटरवरून त्याच्या मागं अडकलात की ऊस पडेल का, हा एकच विचार. पडलाच, तर कोणीतरी थांबून उचलून घेतो आणि तिथंच दातानं सोलायला लागतो. आम्हीही उचललाय. एकदाच.

(रविवार रात्र. मिरज रस्ता. ट्रॅव्हल्सच्या गाड्या, बॅगा, डबे.)

आता थोडं कडू.

रविवारी रात्री मिरज रस्त्यावर या. पुण्याच्या, मुंबईच्या ट्रॅव्हल्स उभ्या असतात. प्रत्येक खिडकीत एक तरुण पोरगा किंवा पोरगी, आणि खाली एक आई. हातात पिशवी: चकल्या, भडंग, शाळूचं पीठ, कांदा-लसूण चटणी. ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी डबा एकटाच जातो; ड्रायव्हरच्या हातात देतात, वर मोबाईल नंबर चिकटवतात, आणि दुसऱ्या दिवशी तो कात्रजला किंवा वाकडला कोणीतरी उतरवून घेतो.

इथं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १९४७पासूनचं. मिरजेत दवाखान्यांची तर रांगच आहे. कर्नाटकातून पेशंट येतात. एवढं शिकवणारं गाव, पण शिकून झालेल्यांना ठेवून घ्यायला त्याच्याकडं पुरेसं काम नाही. आमच्या इमारतीत सात घरं. पाच घरांतली मुलं बाहेर. संध्याकाळी खाली खुर्च्या टाकून बसतात ते सगळे साठीच्या पुढचे. आम्ही आलो तेव्हा त्यातल्या एका काकांनी नवऱ्याला सरळ विचारलं, "तिकडं काही भानगड झाली का?" त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांची दोन्ही मुलं ज्या गाडीनं गेली, त्याच गाडीनं कोणीतरी उलटं का यावं?

माझं कामही इथं नाही. ते सगळं मुंबईचं, फोनवरचं. ज्या कामांसाठी माणूस समोर लागतो, ती गेली. दोन वर्षांत चार मोठी कामं हातातून गेली, मोजलीत मी. सांगलीनं त्याची भरपाई केली असं म्हणणार नाही, कारण केली नाही. नाटक बघायला मिळतं, हे मात्र खरं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच पहिला प्रयोग केला, आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. त्या दिवशी आमच्या गल्लीतला किराणावालासुद्धा नाटकावर बोलतो. बोलतो म्हणजे नावं ठेवतो.

आणि ओळख. डोंबिवलीत मी दहा वर्षं एका मजल्यावर राहिले. समोरच्यांचं आडनाव दाराच्या पाटीवरून माहीत होतं. इथं मी दुपारी केमिस्टकडून तापाचं औषध घेतलं, तर रात्री काकू विचारतात, "कुणाला ताप?" सुरुवातीला जीव गुदमरायचा. अजूनही गुदमरतो, अधूनमधून. केस कापले तर चार जणी मत देतात. नवऱ्याशी भांडण झालं आणि मी रागानं वडापमध्ये, म्हणजे इथल्या शेअर गाडीत, बसून मिरजेला गेले. वडापवाल्यानं उतरताना विचारलं, "एकट्याच? साहेब कुठं?"

(ऑगस्ट २०१९. मोबाईलवर चित्रित केलेलं. थरथरतं चित्र, तपकिरी पाणी.)

हे मी मोबाईलवर काढलंय, म्हणून असं हलतंय.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आकडा रोज वर. ४० झाले, लोक नेहमीसारखे बघायला गेले. ४५ झाले. काकू म्हणाल्या, "२००५ला त्रेपन्न होतं. त्याच्यापुढं नाही जात." त्यांचा त्या रेघेवर विश्वास होता. मी त्यांच्या विश्वासावर विसंबले. ५० झाल्यावर नवऱ्याच्या कारखान्यातल्या एका फिटरचा फोन आला. एरवी नमस्कारापलीकडं बोलणं नाही. "वहिनी, बॅग भरा, मी गाडी घेऊन येतो." विश्रामबागेत त्याचं दोन खोल्यांचं घर. तिथं आम्ही तिघं, काकू, आणि त्याच्या बायकोच्या माहेरचे चौघं. नऊ दिवस. त्याच्या बायकोनं पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "तिखट चालतंय का पोरीला?"

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, एसटी स्टँड, गावभाग, सगळं पाण्यात. पुणे-बंगळूर महामार्ग बंद, म्हणून पेट्रोल नाही, दूध नाही. ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं काढणारी बोट उलटून माणसं बुडाली ती बातमी आली, तेव्हा त्या दोन खोल्यांत कोणी जेवलं नाही.

पाणी उतरल्यावर घरी गेलो. काकूंच्या तळमजल्यावर गाळ, गुडघ्याएवढा. वास असा की अजून सांगता येत नाही. नदी, डिझेल, भिजलेलं धान्य, सगळं एकत्र. रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, फ्रिज, वह्या, देवघरं. जिन्यातली रेघ दिसेना, कारण भिंतच चिखलानं रंगली होती. घासल्यावर दिसली. नवी रेघ जुनीच्या बरीच वर. काकूंनी ओला हात पदराला पुसला आणि पेन्सिल मागितली.

(जिन्यातली भिंत. दोन रेघा. शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं साल.)

डोंबिवलीचे लोक म्हणाले, आता तरी परत या. खोटं कशाला बोलू, घरं बघितली होती मी, ऑनलाइन. भाडं बघून बंद केली, हे एक. आणि दुसरं म्हणजे काकूंची चूल पुन्हा पेटेपर्यंत सकाळचा चहा आमच्याकडं व्हायचा, रात्रीचं जेवण फिटरच्या घरून यायचं. त्यात निघायचा विषय काढायचा कसा? मग तो राहूनच गेला.

(जुलै २०२१. खिडकीबाहेर पाऊस. मुलगी फोनवर.)

दोन वर्षांनी पुन्हा. आकडा पुन्हा ५०च्या वर जायच्या बेतात, आमच्या बॅगा या वेळी ४२लाच भरलेल्या. डोंबिवलीतही धो धो. सासूबाईंचा फोन आला: लोकलचं काही खरं नाही, खाली पाणी साचलंय, तुम्ही सांभाळून राहा.

मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"आजी, मी जेवलो. तू घाबरू नको. तुमच्याकडं किती झालंय?"

"किती म्हणजे काय गं?"

"फूट, आजी. फूट किती झालेत?"