दोन कोटी डॉलर आणि एक ट्यूबा

श्रोतेहो, नमस्कार.

१९३६ साली फ्रँक काप्रा यांनी ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’ हा चित्रपट काढला. व्हरमाँटमधल्या मँड्रेक फॉल्स या लहानशा गावात राहणारा लाँगफेलो डीड्स शुभेच्छापत्रांसाठी कविता लिहितो आणि ट्यूबा हे भलं मोठं पितळी वाद्य वाजवतो. न्यूयॉर्कहून वकील येऊन सांगतात, तुमचे मामा वारले आणि दोन कोटी डॉलर तुमच्या नावावर ठेवून गेले. डीड्स हरखून जात नाही. हे पैसे मामांनी मला का ठेवले, याचंच त्याला नवल वाटतं. गॅरी कूपरने हा प्रसंग इतका सहज केलाय की हसू येता येता माणसावर जीव जडतो.

मग न्यूयॉर्कचा वाडा, मागे लागलेले लुच्चे लोक आणि प्रेमाचं नाटक करून त्याच्याच बातम्या छापणारी वार्ताहर बेब. ही भूमिका जीन आर्थरची. तिचं खरं रूप कळल्यावर डीड्स गावी परतायला निघतो, तेवढ्यात एक शेतकरी पिस्तूल घेऊन आत घुसतो. मंदीने त्याची जमीन गेलेली आहे. लोक उपाशी असताना तू घोड्याला डोनट चारतोस, असं तो तावातावाने सुनावतो आणि बोलता बोलता कोसळून रडतो. डीड्स त्याला जेवायला बसवतो, समोर बसून त्याचं खाणं बघत राहतो. चित्रपटाचा प्राण मला या ताटापाशी दिसतो. अमेरिकेत तेव्हा महामंदी होती. थिएटरात बसलेल्या कित्येकांनी ही भूक जवळून पाहिली होती.

डीड्स ठरवतो, बेघर शेतकऱ्यांना दहा-दहा एकर जमीन, सोबत घोडा, गाय आणि बियाणं द्यायचं. तीन वर्षं कसली की जमीन त्यांची. लगेच वकील त्याला वेडा ठरवायला कोर्टात खेचतो. पुरावा काय? ट्यूबा वाजवतो, पैसे वाटतो! मन मोडलेला डीड्स कितीतरी वेळ गप्पच राहतो. अखेर बोलतो तेव्हा तो खुद्द न्यायाधीशांनाच दाखवतो, की विचार करताना तुम्ही कागदावरच्या ‘ओ’चं पोट पेन्सिलीने भरत बसता. मी ट्यूबा वाजवतो, इतकंच.

काप्रांना या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. जमला तर जरूर पाहा, आणि त्या शेतकऱ्याच्या प्रसंगाला उठून जाऊ नका.