शेपटीच्या केसातली चारानोंद

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी 2013 मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बीफबर्गरच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. एका बर्गरमधल्या मांसापैकी तब्बल 29 टक्के मांस घोड्याचं होतं! ही फसवणूक डीएनएने पकडली. पण मांस गाईचंच असेल आणि ‘आयरिश, गवतावर वाढलेलं’ एवढंच खोटं छापलं असेल तर? ती गाय काय चरली, हे डीएनए सांगत नाही. ते तिच्या अंगातला कार्बन सांगतो.

कार्बनच्या शंभर अणूंत साधारण एक अणू जड असतो, कार्बन-13. मका, ज्वारी, ऊस यांत तो किंचित जास्त सापडतो; गहू, भात आणि आयर्लंडच्या कुरणातल्या गवतात कमी. म्हणजे आपल्याकडेही ज्वारीचा कडबा खाणारं जनावर आणि भाताचा पेंढा खाणारं जनावर प्रयोगशाळेत वेगवेगळं ओळखू येईल. मला तर ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

तपासणीसाठी मांस वाळवतात, चरबी काढून टाकतात, उरलेल्याची पूड करतात. त्यातली चिमटीतही न येणारी पूड कथलाच्या इवल्या पुडीत बांधून जाळायची आणि निघालेला वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे जड आणि हलके अणू वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्रात, सोडायचा. शेपटीचा केस तर याहून बोलका. मुळाशी ताजा, टोकाशी जुना. त्याचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे केले, की प्रत्येक तुकड्यात साधारण दोन आठवड्यांचा चारा वाचता येतो. खाटिकखान्यात पाठवण्याआधी जनावराला मक्यावर कधी आणलं, ते तिथे दिसतं.

मात्र जड कार्बनच्या एकाच आकड्यावर विसंबलं तर गफलत होते. ब्राझीलच्या कुरणांत उष्ण प्रदेशातलं गवत असतं, आणि त्याचा कार्बन मक्यासारखाच. तिथली निव्वळ गवतावर वाढलेली गाय आकड्यावरून अमेरिकेतल्या मका खाल्लेल्या गाईसारखी दिसू शकते. म्हणून सोबत ऑक्सिजनही मोजतात. समुद्रापासून आत जावं, उंचावर चढावं, तसतसं पावसाच्या पाण्यातलं जड ऑक्सिजनचं प्रमाण घटत जातं आणि ते पाणी प्यायलेल्या जनावरात उतरतं.

यंत्राचा आकडा ताडून पाहायला खात्रीचे, म्हणजे कुठले ते पक्कं ठाऊक असलेले, नमुने लागतात. तेही एकदाच घेऊन भागत नाही. गोठ्यात हिवाळ्यात मुरघास, उन्हाळ्यात रानात हिरवं गवत. आकडा ऋतूबरोबर सरकतो. प्रामाणिक शेतकऱ्यावर उगाच बालंट येऊ नये, म्हणून त्याच रानातले नमुने फेब्रुवारीत घ्यावे लागतात आणि ऑगस्टमध्ये पुन्हा.