चिप हवी ती कागदासकट

(दृश्य: सकाळ, बुधवार पेठ. शटर वर जातात.)

पुण्याची बुधवार पेठ. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या या गल्ल्यांत रेझिस्टर, रिले, वायर, सोल्डर, सगळं सुटं मिळतं. हे कप्पे बघा. प्रत्येकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी. नंबर सांगायचा, की दुकानातल्या काकांचा हात बरोबर त्याच कप्प्यात जातो. पण चिप कशी वापरायची ते सांगणारा कागद? तो दर वेळी मिळतोच असं नाही.

(दृश्य: काउंटरवर एक मॉड्यूल, अगदी जवळून.)

ही वायफायची छोटी तयार पट्टी, म्हणजे मॉड्यूल. याचं नाव ईएसपी-०१. आठ पिना, दोन काळ्या चिप्स. काठावरची ती नागमोडी तांब्याची रेघ म्हणजे वायफायचा अँटेना. त्यातली मुख्य चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, ईएसपी८२६६.

ऑगस्ट २०१४च्या सुमारास हे मॉड्यूल जगभरच्या हौशी मंडळींच्या नजरेत भरलं. पाच डॉलरच्या आसपास वायफाय! पण माहिती जवळजवळ सगळी चिनी भाषेत. लोकांनी ती पानं मिळवली, जमेल तशी भाषांतरं केली, एकमेकांची तपासली. तेव्हा हे मॉड्यूल दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपला जोडून, ठरावीक आज्ञा देऊनच वापरायचं. आत ३२ बिटचा, ८० मेगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर होता. विकत घेतलेला, आणि तरी त्याला आपलं काम सांगता येत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये कंपनीने प्रोग्रामिंगची साधनं, म्हणजे एसडीके, लोकांच्या हाती दिली. त्या दिवसापासून हा प्रोसेसर आपल्या मालकाचं ऐकू लागला.

(दृश्य: टेबल. डिप्लोमाची विद्यार्थिनी, लॅपटॉप, ब्रेडबोर्ड.)

आता हिच्या हाताकडे लक्ष द्या. मॉड्यूलची जीपीआयओ ० नावाची पिन तिने ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडली. मग वीज दिली. उठता उठता चिप ही पिन तपासते. खाली ओढलेली दिसली, की नवा प्रोग्राम घ्यायला तयार होते.

पडद्यावर मात्र कचरा उमटलाय. चौकोन, प्रश्नचिन्हं. चिपने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या टर्मिनलचा वेग सेकंदाला ११५२०० बिट. जोडणी बरोबर आहे, मॉड्यूलही धड आहे. मग?

चिपच्या आतला कायमचा प्रोग्राम ४० मेगाहर्ट्झचं क्रिस्टल, म्हणजे ठोके देणारा भाग, गृहीत धरतो. मॉड्यूलवर बसवलंय २६चं. ठोके कमी, तर मजकूर पाठवायचा वेगही त्याच प्रमाणात कमी. म्हणून ११५२००ला २६ने गुणा, ४०ने भागा. ७४८८०.

(दृश्य: ती वेग बदलते. अक्षरं जुळतात. तिचा चेहरा.)

हा आकडा अंदाजाने सापडायचा नाही. सापडला, तर कित्येक रात्री खाऊन. कागदावर एक ओळ असली, की दोन मिनिटांचं काम.

(दृश्य: ईमेलचा पडदा, नावं झाकलेली.)

आम्हीही एकदा दुसऱ्या एका कंपनीकडे तिच्या चिपची माहितीपुस्तिका मागितली होती. आधी गोपनीयतेच्या करारावर सही, मग प्रश्न: वर्षाला किती हजार नग घेणार? आम्हाला हवे होते तीन.

कंपन्या म्हणतात, कागद दिले तर नक्कल होईल. पण चिपमधल्या कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या कोणत्या कप्प्यात काय लिहिलं की काय घडतं, हे सांगणं म्हणजे चिपशी कसं बोलायचं ते सांगणं. चिप कशी घडवायची ते त्यात नसतं. एस्प्रेसिफ काही बुडाली नाही. २०१९मध्ये तिचे शेअर शांघायच्या बाजारात आले, पुण्यातही तिचं काम चालतं. आर्डुइनो या हौशी मंडळींच्या सोप्या प्रोग्रामिंग साधनातून ही चिप चालवायची सोय इव्हान ग्रोखोत्कोव्ह या बाहेरच्या प्रोग्रामरने उभी केली. पुढे कंपनीने त्याला आपल्यातच घेतलं. दार उघडं होतं म्हणून तो आत येऊ शकला.

सगळं उघडं आहे असंही नाही. वायफायचा भाग आजही तोंड शिवलेल्या पोत्यासारखा येतो. तयार बायनरी, म्हणजे फक्त यंत्राला वाचता येणारी फाइल, वापरा. आत काय आहे ते विचारू नका. ते पोतंही उसवायला हवं, हे आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: दिवे, प्लग, पाण्याच्या टाकीवरचा सेन्सर. झटपट.)

वायफायचे दिवे, प्लग, टाकीची पातळी सांगणारी यंत्रं. कितीतरी ठिकाणी आज हीच चिप.

(दृश्य: पुन्हा टेबल.)

प्रोग्राम चढला. आता जीपीआयओ ०ची वायर काढायची, आणि रीसेट.

(दृश्य: निळा दिवा लुकलुकतो. ती शेजारच्या मैत्रिणीला कोपराने खुणावते. निवेदन नाही, फक्त खोलीतला आवाज.)