स्विंडन : भोंग्याच्या तालावर जगलेलं गाव

(दृश्य : रुळांखालचा पादचारी बोगदा, पलीकडे उजेड)

वरून लंडन-ब्रिस्टल गाडी धडधडत जाते आणि बोगदा हादरतो. हे इंग्लंडमधलं स्विंडन. सकाळचा भोंगा झाला की इथूनच कामगारांचे लोंढे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात शिरायचे. भरभराटीच्या काळात कारखान्यात सुमारे १४ हजार माणसं होती.

(दृश्य : टेकडीवरून खालचं शहर)

जुनं स्विंडन या टेकडीवर, बाजाराचं लहानसं गाव. खाली शेतं. लंडन-ब्रिस्टल मार्ग बांधणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या इंजिनांचा प्रमुख डॅनियल गूच १८४० साली अवघा २४ वर्षांचा होता. सप्टेंबरात त्याने कंपनीचा मुख्य अभियंता ब्रुनेलला पत्र लिहून कारखान्यासाठी हीच जागा सुचवली. लंडनपासून इथवर ७७ मैल, रस्ता जवळजवळ सपाट. पुढे ब्रिस्टलकडे उतार-चढ तीव्र. म्हणजे इंजिन बदलायचं ते इथेच. चेल्टनहॅमचा फाटा इथूनच निघणार होता आणि कोळसा आणायला कालवा शेजारीच होता. जानेवारी १८४३ मध्ये कारखाना सुरू झाला.

(दृश्य : दगडी घरांच्या रांगा, रस्त्यांच्या पाट्या)

कामगारांसाठी कंपनीने बांधलेली ही घरं, सुमारे ३००. पाट्या नीट वाचा. चौकाच्या पूर्वेला लंडन, रीडिंग, ऑक्सफर्ड. पश्चिमेला ब्रिस्टल, एक्सेटर, टॉन्टन. अख्खा रेल्वेमार्गच गल्ल्यांत उतरवलाय. सुरुवातीला एकेका घरात दोन-दोन कुटुंबं दाटीने राहायची, हेही सांगायला हवं.

(दृश्य : संग्रहालय, हजेरीच्या पितळी बिल्ल्याचा क्लोजअप)

बोटांनी घासून घासून कडा गुळगुळीत झाल्यात. नाव नाही, फक्त नंबर. पण या नंबरवाल्या माणसांनी जे उभं केलं, ते मला इंजिनांहून मोठं वाटतं. १८४७ मध्ये त्यांनी वैद्यकीय निधी काढला. दर आठवड्याच्या पगारातून थोडे पैसे कापून जायचे आणि त्यावर कुटुंबासकट डॉक्टर आणि औषधं मिळायची. पुढे निधीचं स्वतःचं रुग्णालय झालं, पोहण्याचे तलाव आणि स्नानगृहं झाली. ब्रिटनमध्ये सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा आली ती १९४८ मध्ये. या गावाने ती वाट १०१ वर्षं आधी चालायला घेतली होती.

(दृश्य : सहलीचे जुने फोटो, टोप्या, टोपल्या, पोरंबाळं)

ही 'ट्रिप'. १८४९ मध्ये पहिल्यांदा सुमारे ५०० जण रेल्वेने ऑक्सफर्डला गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुलैत २० हजारांहून जास्त माणसं समुद्राकडे निघायची आणि गाव ओस पडायचं. गाडी फुकट, पण कित्येक वर्षं सुट्टीचा पगार मिळत नसे. फोटोत मात्र सगळे नटूनथटून उभे आहेत.

(दृश्य : 'इव्हनिंग स्टार' इंजिन)

मार्च १९६०. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं हे शेवटचं वाफेचं इंजिन इथूनच बाहेर पडलं. धुराड्याची तांब्याची कड पाहा, ती जुन्या ग्रेट वेस्टर्नची खूण. मार्च १९८६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. आता काही शेडमध्ये कपड्यांची दुकानं आहेत.

(दृश्य : मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, फळ्या ठोकलेल्या खिडक्या)

ही कामगारांच्या संस्थेची इमारत, १८५५ची. इथे वाचनालय होतं, व्याख्यानं व्हायची, नाटकं व्हायची. ट्रिपचा बेत हीच संस्था आखायची. कारखाना बंद झाल्यापासून इमारतही बंद आहे. संरक्षित वारसा म्हणून तिची नोंद आहे. ती उघडली पाहिजे, वाचनालयासकट.

(दृश्य : दारावरचं कुलूप, मागून गाडीचा आवाज)