दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शब्द

नमस्कार श्रोतेहो.

चप्पल लाइनमध्ये पायताण घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय काय करतं, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. तळ वाकवून बघतं, पायात घालून चार पावलं चालतं, करकर वाजते का ऐकतं, आणि शेजारच्या दुकानात भाव विचारून परत येतं. तेच गिऱ्हाईक नागपुरात बसून मोबाइलवर तुमची वेबसाइट उघडतं, तेव्हा यातलं काहीच त्याला करता येत नाही. समोर असतो एक फोटो, एक किंमत आणि तुम्हीच केलेली तुमची तारीफ. मग ते शोधतं दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शब्द. व्यापारात याला ‘सोशल प्रूफ’ म्हणतात. आपण साधं म्हणूया, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शब्द.

या शब्दाचं वजन कळायला एक गोष्ट ऐका. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी नावाचं शहर आहे. तिथं सिल्व्हन गोल्डमन यांची किराणा दुकानं होती. गिऱ्हाइकानं टोपली उचलायची, फळीवरचा माल स्वतः घ्यायचा आणि गल्ल्यावर पैसे द्यायचे, असा कारभार. गोल्डमन यांच्या लक्षात आलं की टोपली जड झाली की खरेदी थांबते. घरात सामान हवं असतं, खिशात पैसे असतात, पण हात दुखतो म्हणून बाई गल्ल्याकडे वळते. हात मोकळा कसा करायचा, हाच विचार त्यांच्या डोक्यात. एका रात्री त्यांची नजर लाकडी घडीच्या खुर्चीवर पडली. बैठकीवर एक टोपली, खाली दुसरी टोपली, पायांना चाकं! फ्रेड यंग या मेकॅनिकला हाताशी धरून त्यांनी गाडी बनवली, पुनःपुन्हा सुधारली, आणि १९३७ च्या जून महिन्यात पेपरात जाहिरात देऊन दुकानात आणली.

गर्दी झाली. पण गाडीला कुणी हात लावेना. दाराशी गाड्या रांगेत उभ्या, आणि लोक टोपली उचलून आत जातायत. विचारलं, तर तरुण पुरुष म्हणाले, आमच्या दंडात बळ नाही का? बायका म्हणाल्या, बाबागाडी ढकलून ढकलून जीव नकोसा झालाय, आता इथं पण ढकलू? वयस्कर माणसांना वाटलं, आधाराला गाडी घेतली तर लोक आपल्याला थकलेला समजतील. गाडी चांगली होती, फुकट होती, उपयोगाची होती. तरी कुणी घेईना.

नुसत्या जाहिरातीनं काम भागत नव्हतं.  मग गोल्डमन यांनी माणसं पगारावर ठेवली. एक तरुणी, एक मध्यमवयीन बाई, तरुण पुरुष, वयस्कर पुरुष, अशी निरनिराळ्या वयाची. त्यांचं काम एकच, दाराजवळ गाडी ढकलत माल भरायचा. शिवाय दारात एक मुलगी. नवं गिऱ्हाईक आलं की ती गाडी पुढे करायची. ते नको म्हणालं की आत बोट दाखवून म्हणायची, बघा, सगळे वापरतायत, तुम्ही का नाही? गाड्या चालू लागल्या. पुढच्या काही वर्षांत तर दुकानं बांधतानाच गाडीच्या मापानं वाटा सोडायला सुरुवात झाली.

यातल्या दोन गोष्टी नीट पकडा. पहिली, गोल्डमन यांनी एकच देखणी नटी उभी केली नाही. संकोच ज्याचा, त्याच्या वयाचं माणूस उभं केलं. दुसरी, ही माणसं दाराजवळ होती, गिऱ्हाईक टोपली की गाडी ठरवतं, बरोबर त्या जागी. परत सांगतो: गिऱ्हाइकासारख्याच गिऱ्हाइकाचा शब्द, आणि तो निर्णयाच्या जागी.

आता वेबसाइट उघडा. अभिप्राय बहुतेक ठिकाणी वेगळ्या पानावर कोंबलेले असतात. तिथं कुणी फिरकत नाही. दोन-तीन अभिप्राय किंमत आणि ऑर्डरचं बटण यांच्या मध्ये आणा. आपोआप सरकणारी पट्टी काढून टाका. वाचणारा अर्ध्या ओळीवर असतो आणि ती निघून जाते. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट लावायचा तर नंबर झाका, परवानगी घ्या, आणि तोच मजकूर खाली टाइप करा. चित्रातली बारीक अक्षरं मोबाइलवर वाचता येत नाहीत.

अभिप्राय मागायचा कधी? माल पोचला त्या दिवशी नको. चप्पल पायाला बसायला वेळ लागतो, म्हणून पंधरा दिवसांनी विचारा. गुळाची ढेप असेल तर आठवड्यानं. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे गूगलवरच्या तुमच्या दुकानाच्या पानावर, रिव्ह्यू मागण्याची लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा, कोड छापून खोक्यात टाका. नुसतं ‘अभिप्राय द्या’ म्हटलं की ‘छान आहे’ एवढंच येतं. दोनच प्रश्न विचारा: घेण्याआधी मनात शंका काय होती? वापरल्यावर काय झालं? मग उत्तर येतं, ‘माप चुकेल असं वाटलं होतं, पाऊल कागदावर आखून पाठवलं, पहिले चार दिवस अंगठ्याला चावली, तेल लावल्यावर मस्त बसली.’ पुढच्या गिऱ्हाइकाची नेमकी हीच शंका असते. तेव्हा ‘चावली’ हा शब्द खोडू नका. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्रानं २०१७ मध्ये दाखवलं, की एकही अभिप्राय नसलेल्या वस्तूपेक्षा पाच अभिप्राय असलेली वस्तू विकली जाण्याची शक्यता २७० टक्के जास्त असते; आणि विक्री पाचपैकी पाच ताऱ्यांना नाही, तर साधारण ४ ते ४.७ ला सर्वाधिक असते. सगळं गोडच असलं की लोकांना संशय येतो.

आणि भाषा सुधारत बसू नका. गिऱ्हाइकानं ‘नाद खुळा पायताण हाय’ लिहिलं असेल तर तसंच राहू द्या. आपली बोली पुस्तकी करून मांडायची ही सवय शाळेपासून लागली आहे आणि ती वाईट आहे. कोल्हापुरी माणूस कोल्हापुरीतच खरा वाटतो.

गोल्डमन यांची माणसं पगारी होती. आज पगारी अभिप्राय चालत नाहीत. बक्षीस देऊन रिव्ह्यू घेणं आणि फक्त खूश गिऱ्हाइकांनाच लिंक पाठवणं, दोन्ही गूगलच्या नियमात बसत नाही. ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे भारतीय मानक २०२२ मध्ये आलं. ‘आत्ता ४० जण हे बघतायत’ असा खोटा आकडा दाखवणं ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न, म्हणजे वेबसाइटवरच्या फसव्या युक्त्या, रोखणाऱ्या मार्गदर्शक सूचनांनुसार मना आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. खरे आकडे लहान असतील तर मोजणीच दाखवू नका. ‘फॉलोअर ११’ ही पाटी दुकान रिकामं असल्याचं गावभर सांगते.

अभिप्राय जमेपर्यंत पुरावा दाखवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुम्ही अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली असेल तर तो क्रमांक फोटोशेजारी द्या. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून दूध देतात, तसं कारागीर वादी ओवतोय असा वीस सेकंदांचा व्हिडिओ टाका. त्यावर गाणं नको, करकर ऐकू येऊ द्या.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनी, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्यांनी, ताऱ्यांच्या मागे लागू नये. पुण्याचा खरेदी अधिकारी तारे बघत नाही. त्याला कास्टिंगचं वजन, एफजी २६० सारखी बिडाची ग्रेड, रिजेक्शनची टक्केवारी आणि किती दिवसांत माल दिला हे हवं असतं. अशा एका कामाची पानभर माहिती द्या. कंपनीचा लोगो लेखी परवानगीशिवाय लावू नका, आणि आयएसओ प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर ते आजच काढा.

वाईट अभिप्राय आला तर दोन दिवसांत तिथंच उत्तर द्या: चूक काय झाली, बदलून काय दिलं. वाद घालू नका, कारण ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढची माणसंच जास्त वाचणार आहेत. आणि प्रत्येक अभिप्रायाखाली गाव आणि महिना लिहा. तीन वर्षांपूर्वीचाच अभिप्राय वर दिसत राहिला तर लोक आधी फोन करून विचारतात, दुकान चालू आहे ना?

नमस्कार.